फाइल तिथंच, माहिती तुमच्याकडे

साताऱ्याच्या लॅबमधला रक्ताचा रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांना हवा असतो, आणि तो नेमका घरच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेला असतो. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही पिशवीच टाळू पाहतं. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ही फक्त ओळख. रिपोर्ट कुठल्या सरकारी गोदामात जात नाहीत, लॅबकडेच राहतात. डॉक्टरांनी मागणी केली की तुमच्या मोबाइलवर विचारणा येते: कोणते कागद, कोणत्या तारखांचे, कधीपर्यंत पाहू द्यायचे? तुम्ही होकार दिलात तरच ते सांकेतिक रूपात रवाना होतात. खरी मेख वेगळीच आहे. हातानं खरडलेली चिठ्ठी आधी कुणीतरी निदान स्कॅन तरी करायला हवी, आणि भरल्या ओपीडीत तेवढी फुरसत कुणाला?