जागा कोणाची, नियम कोणाचे

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘हूकअप’ म्हणजे पुढील नात्याची कोणतीही बांधिलकी न मानता दोन विद्यार्थ्यांत आलेली शारीरिक जवळीक. ती चुंबनापासून संभोगापर्यंत कशीही असू शकते. तिची चर्चा बहुधा तरुणींच्या चारित्र्याभोवतीच घोटाळते आणि ही दृष्टी अन्यायाची आहे, कारण त्यांचे अनुभव त्या कोणाच्या जागेत, कोणाच्या नियमांनी वावरतात यावर फार अवलंबून असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मध्यमवर्गीय तरुण मुलीच्या घरी भेटीस येई आणि त्याला बोलावण्याचा अधिकार मुलीकडे व तिच्या आईकडे असे. पुढे 1920च्या सुमारास भेटी उपाहारगृहांत व मोटारींत होऊ लागल्या, तेव्हा खर्च करणाऱ्या तरुणाकडे पुढाकार गेला, हे इतिहासकार बेथ बेली यांनी दाखवून दिले आहे. आज अनेक विद्यापीठांत ही सूत्रे ‘फ्रॅटर्निटीं’कडे, म्हणजे फक्त पुरुष विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र निवासी मंडळांकडे असतात. मद्य विकत घेण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, विद्यार्थिनींच्या तशाच मंडळांच्या घरांत ते सहसा निषिद्धच असते, त्यामुळे पार्टी मुलांच्या घरी, पेय त्यांच्या हातचे आणि कित्येकदा ने-आण करणारी गाडीही त्यांचीच, अशी स्थिती होते. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी 2006मध्ये लैंगिक अत्याचाराचा धोका या रचनेशी जोडला, तो सर्वस्वी योग्य होता.

सहमतीच्या संबंधांतही विषमता उरतेच. आर्मस्ट्राँग, पॉला इंग्लंड व अ‍ॅलिसन फोगार्टी यांच्या 2012च्या अभ्यासात तरुणींना स्थिर नात्यापेक्षा हूकअपमध्ये लैंगिक सुख कमी मिळत असल्याचे आढळले. प्रेयसीच्या सुखाची काळजी घेणे कर्तव्य मानणारे तरुण एका रात्रीच्या जोडीदाराबाबत तसे मानत नव्हते. शिवाय तेच वर्तन मुलाला प्रतिष्ठा देते आणि मुलीला बदनाम करते.

तरीही या तरुणींना केवळ बळी समजणे चूक ठरेल. लॉरा हॅमिल्टन व आर्मस्ट्राँग यांनी एका विद्यापीठाच्या वसतिगृहात केलेल्या दीर्घ अभ्यासात सुस्थित घरांतील अनेकींना प्रेमसंबंधच वेळखाऊ, काही वेळा मत्सराचा जाच देणारे वाटत होते, आणि अभ्यास, मैत्रिणी व भावी नोकरी यांना धक्का न लावणारी जवळीक त्यांना सोयीची वाटत होती. कष्टकरी घरांतून आलेल्या मुलींना मात्र हे जग परके वाटे. गावाकडचा जोडीदार आणि लवकर संसार थाटण्याची अपेक्षा त्यांना मागे ओढत असे, आणि त्यांच्यापैकी काहींनी विद्यापीठच सोडले.