एक मॉनिटर, दोन संगणक

मार्च २०२० मध्ये अमिरातीतील शाळा ऑनलाइन झाल्या आणि पाठोपाठ अनेकांची ऑफिसेही घरी आली. त्या दिवसांत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात दुसरा संगणक आला. पुढे शाळा भरू लागल्या, पण तो संगणक काही परत गेला नाही. आमच्या करामाच्या फ्लॅटमध्येही तसेच झाले. माझा एक डेस्कटॉप होताच. पत्नी एका कंपनीचे हिशेब घरून लिहिते, तिला कंपनीने दुसरा दिला.

चांगला २४ इंची मॉनिटर माझ्या टेबलावर राहिला आणि जुना १७ इंची तिच्याकडे, जेवणाच्या टेबलावर गेला. हे कोणी ठरवले नव्हते, तसे होत गेले. मी दिवसभर ऑफिसात, माझा मॉनिटर बंद, आणि ती मान खाली घालून बारीक आकडे वाचते आहे, असे बरेच महिने चालले. शेवटी तिची मान आणि उजवा खांदा आखडला. फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा स्क्रीन कुठे असतो?" संगणकावर पोट भरणाऱ्या माझ्या मनात हा प्रश्न आधी आला नव्हता, याची मला लाज वाटली.

नवा मॉनिटर घ्यावा तर दुसरे टेबल कुठे मांडायचे, हा प्रश्न होता. तेव्हा आम्ही दोन्ही संगणक एकाच मॉनिटरला जोडले. हे काम अवघड नाही. ते कसे करावे, आणि कोणी करू नये, ते सांगतो.

आधी मॉनिटरची पाठ पाहा

बहुतेक मॉनिटरना मागे किंवा खाली एकापेक्षा जास्त खाचा असतात. निळी, पंधरा भोकांची ती व्हीजीए, ही जुनी पद्धत. चपटी, खालच्या बाजूला निमुळती होणारी ती एचडीएमआय, टीव्हीला असते तीच. तशीच दिसणारी पण एकच कोपरा छाटलेली ती डिस्प्लेपोर्ट. दोन खाचा असतील तर एक संगणक एका खाचेला आणि दुसरा दुसऱ्या खाचेला जोडावा. दोन्ही एकाच प्रकारच्या असण्याची गरज नाही. मग मॉनिटरच्या बटणाने 'इनपुट' किंवा 'सोर्स' निवडला की हवा तो संगणक दिसतो. आमचे काम इतक्यातच झाले. खर्च एका एचडीएमआय केबलचा, २० दिरहम.

संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावावी. वरच्या बाजूच्या खाचेत लावून "चित्रच येत नाही" म्हणणारे मित्र मला नेहमी भेटतात. दोन्ही संगणक चालू असताना मॉनिटर आपोआप इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर त्याच्या मेनूत जाऊन आपोआप इनपुट शोधण्याची सोय बंद करावी.

एकच खाच असेल तर

मग मध्ये एक छोटी डबी लागते. इथे दुकानात हमखास गफलत होते. आपल्याला हवा असतो 'स्विच', म्हणजे दोन संगणक आत आणि एक मॉनिटर बाहेर. 'स्प्लिटर' याच्या उलट असतो, एका संगणकाचे चित्र दोन मॉनिटरवर दाखवणारा. दोन्ही डब्या दिसायला जवळजवळ सारख्या. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावरच्या दुकानांत जाताना हे दोन शब्द कागदावर लिहून न्यावेत.

कन्व्हर्टरचेही तसेच. एचडीएमआयमधून व्हीजीएकडे नेणारा वेगळा आणि व्हीजीएमधून एचडीएमआयकडे आणणारा वेगळा. डिस्प्लेपोर्टच्या संगणकाला एचडीएमआय मॉनिटर साध्या केबलने बहुधा चालतो, उलट दिशेने ती केबल चालत नाही. म्हणून संगणकाकडे काय आहे आणि मॉनिटरकडे काय आहे, ते याच क्रमाने सांगावे.

कीबोर्ड आणि माउस

दोन जोड्या ठेवल्या तरी चालते, पण टेबलावर गर्दी होते आणि घाईत भलताच माउस हातात येतो. यावर 'केव्हीएम स्विच' मिळतो. एका बटणाने मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस तिन्ही एकदम एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. मॉनिटर फोर-के असेल तर स्विच ६० हर्ट्झवर फोर-के चालवतो का, ते खोक्यावर वाचून घ्यावे. जुना स्विच ३० हर्ट्झवरच थांबतो आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. आम्ही फक्त कीबोर्ड आणि माउसपुरता यूएसबी स्विच ५५ दिरहमला घेतला, मॉनिटर त्याच्याच बटणाने बदलतो.

एक सावधगिरी. दोन्ही संगणक नेटवर्कने जोडून एकच माउस दोन्हीकडे फिरवणारी सॉफ्टवेअरही आहेत. घरच्या दोन संगणकांना ती उत्तम. पण एक संगणक कंपनीचा असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय त्यावर काहीही बसवू नये. परदेशात नोकरी आणि व्हिसा एकमेकांना बांधलेले असतात, तेव्हा इथे हयगय नको. साध्या स्विचमधून एका संगणकाच्या फाइली दुसऱ्यात जात नाहीत. पेन ड्राइव्ह मात्र त्याच्या खाचेत लावू नये, कारण बटण दाबताच तोही दुसऱ्या संगणकाला जोडला जातो.

पैशाचा हिशेब

एक मॉनिटर कमी म्हणजे विजेची मोठी बचत, असे काहींना वाटते. आकडे पाहू. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २५ वॅट घेतो. रोज ६ तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. दुबईत 'दीवा'चा घरगुती दर पहिल्या २००० युनिटपर्यंत २३ फिल्स, त्यावर इंधन अधिभार आणि ५ टक्के व्हॅट. सगळे मिळून महिना दीड दिरहमच्या आसपास. बचत विजेत नाही. खरी बचत नव्या मॉनिटरच्या किमतीत, दुसऱ्या टेबलाच्या जागेत आणि फ्लॅट बदलताना उचलायच्या सामानात आहे. आमचे ७५ दिरहम झाले. फिजिओथेरपीच्या एका बैठकीलाही त्याहून जास्त पडले होते.

दोघांच्या उंचीचे काय?

मॉनिटर एक, पण माणसे दोन. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर साधारण एक हात असावे. स्टँड वरखाली होत नसेल तर उंच माणसाच्या वेळी खाली दोन जाड पुस्तके ठेवावीत. मॉनिटर बुटक्या माणसाच्या उंचीला लावणे बरे, कारण तो वर उचलणे सोपे, खाली नेणे कठीण. खुर्ची वर घेतल्यावर पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट घ्यावा. आमच्याकडे सत्यनारायणाचा पाट सध्या हेच काम करतो. इथे एसी जवळजवळ वर्षभर चालतो, त्याचा झोत चेहऱ्यावर आला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. झोताची दिशा बदलावी आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट दूर पाहावे.

हे कोणी करू नये

दोघांना एकाच वेळी काम असेल तर हा उपाय नाही. काही रुंद मॉनिटरवर दोन्ही संगणक शेजारी-शेजारी दिसतात, पण अर्ध्या पडद्यावर ना धड हिशेब होतो ना मुलांची परीक्षा. म्हणून खरेदीआधी आठवडाभर कागदावर लिहावे, कोण कोणत्या वेळी बसतो. आमच्याकडे सकाळी आठ ते दुपारी तीन ती, संध्याकाळी सातनंतर मी. महिनाअखेरीस तिचे काम रात्रीपर्यंत चालते. तेव्हा टेबल तिचे आणि जुना १७ इंची मॉनिटर, पुस्तकांवर उंच करून, माझा. तुमचे तास रोज एकमेकांवर येत असतील तर सरळ दुसरा मॉनिटर घ्यावा. मुलाच्या अभ्यासाच्या किंवा कोणाच्या मानेच्या जिवावर पैसे वाचवू नयेत.

तिची मान आता बरी आहे. कोणाला जोडणीत अडचण आली तर मंडळाच्या कार्यक्रमात जरूर विचारावे. येताना दोन्ही संगणकांच्या आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलवर आणावेत, म्हणजे कोणती केबल लागेल ते लगेच सांगता येईल.