घातांक खाली उतरतो तेव्हा



मंडळाच्या रविवारच्या गणित वर्गासाठी आम्ही काही निवृत्त मंडळी सरावाचे प्रश्न टंकतो आणि मोबाईलवरून पालकांना पाठवतो. मुले उधना, लिंबायत, पांडेसरा भागातली, बहुतेक महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकणारी. मागच्या महिन्यात चक्रवाढ व्याजाचे उदाहरण दिले होते: मुद्दल १०,००० रुपये, द.सा.द.शे. १०, मुदत ३ वर्षे. वर सूत्रही लिहून दिले होते. आठवीतल्या एका मुलीचे उत्तर आले, रास ३३,००० रुपये. (अशी ठेव योजना आमच्या नोकरीच्या काळात निघाली असती तर रांगेत पहिले आम्हीच उभे राहिलो असतो.) बरोबर उत्तर १३,३१०. मुलीला घरी बोलणी बसली.

तिच्या आईचा मोबाईल पाहिला तेव्हा कळले की चूक आमची होती. संगणकावर कंसाच्या डोक्यावर बसवलेला ३ मोबाईलवर खाली उतरून कंसाशेजारी येऊन बसला होता. मुलीने १०,००० × १.१ × ३ केले. दिसले तेच तिने सोडवले.

असे का होते? वर्डमध्ये वर चढवलेला ३ हे वेगळे अक्षर नसते. तो साधाच ३, त्याला फक्त ‘लहान हो, वर जा’ असा हुकूम दिलेला असतो. मजकूर उचलून संदेशात चिकटवला की अक्षरे जातात, हुकूम मागे राहतो. युनिकोडमध्ये वर्ग-घनाचे वर चढलेले २ आणि ३ स्वतंत्र अक्षरे म्हणून आहेत, पण इंग्रजी आकड्यांतले. ते मात्र टिकतात. बऱ्याच मोबाईलवर आकड्याचे बटण दाबून धरले की मिळतात. मोठा घातांक असेल तर (१ + १०/१००)^३ असे लिहावे आणि त्या टोपीच्या खुणेचा अर्थ मुलांना आधी सांगावा.

वर्गमुळाचेही तसेच. चिन्हावरची आडवी रेघ गळते आणि √९+१६ एवढेच उरते. आता उत्तर ५ की १९? कंस घातला तर वाद मिटतो: √(९+१६) म्हणजे ५.

जुन्या फाइलींचा त्रास निराळा. कृतिदेवमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यात कंसांच्या जागी पाव आणि अर्ध्याची चिन्हे उमटतात, हे आम्हाला परवा कळले. गणितात याहून वाईट काय होणार! अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी आणि नंतर प्रत्येक कंस डोळ्यांनी तपासावा.

एकाच्या नातवाने इंटरनेटवरून उतरवलेल्या सूत्रांत जागोजागी डॉलरची खूण होती. आम्हाला वाटले परकीय चलनाचा हिशेब आहे. ती ‘टेक’ची भाषा. डोनाल्ड क्नुथ यांनी गणिताच्या छपाईसाठी ही प्रणाली १९७८ मध्ये आणली. डॉलरच्या दोन खुणांमधला मजकूर सूत्र म्हणून मांडायचा, अशी तिची रीत. ती समजणारी सोय नसेल तिथे नुसत्या खुणाच दिसणार.

आता आम्ही असे करतो. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की सूत्राची चौकट उघडते. सूत्र तिथेच मांडायचे, फाइल पीडीएफ करायची आणि पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून एक उदाहरण तिथूनच सोडवून पाहायचे. बँकेत व्हाउचरवर दोघांच्या सह्या लागत, तसेच.

त्या मुलीला आम्ही पूर्ण गुण दिले आणि चूक कोणाची होती ते तिच्या वडिलांना फोन करून सांगितले. जुने संच ज्यांच्याकडे आहेत त्यांनी घातांक व वर्गमुळाची उदाहरणे तूर्त सोडवू नयेत. नवी प्रत येत्या रविवारी वर्गात मिळेल.