दिवा पेटला म्हणजे अर्थिंग चांगले?

घराचे काम संपत आले की वायरमन होल्डरची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावतो. शंभर वॅटचा दिवा लख्ख पेटतो आणि घरमालकाचे समाधान होते. ही परीक्षा फसवी आहे. त्या दिव्याला अर्धा अँपिअरही करंट लागत नाही, त्यामुळे अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तो झकास पेटतो. आता त्याच घरात गिझरची कॉइल फुटून बॉडीत करंट उतरला असे समजा. २३० व्होल्टला ५० ओहमने भागा. फार तर ४.६ अँपिअर करंट वाहील, आणि तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही. गिझर, नळ, ओली फरशी आणि अंघोळ करणारा माणूस, सगळे दोनशे व्होल्टच्या आसपास तसेच राहतात.

याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे, की अर्थिंग करंट जमिनीत जिरवते. करंट जिरत नाही. तो मातीतून वाट काढत डीपीकडे परत जातो, कारण तिथे न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. ही वाट सोपी असावी आणि बिघाड होताच पुरवठा तुटावा, यासाठी अर्थिंग आहे. मातीची वाट सहसा एमसीबी पाडण्याइतकी सोपी नसते, म्हणून सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर, हवाच. वरच्याच बिघाडात तो ४० मिलिसेकंदांत पुरवठा तोडतो.

मग आरसीसीबी असताना अर्थिंग कशाला? अर्थिंग नसेल तर गळणाऱ्या करंटला वाटच मिळत नाही. कोणी हात लावला की तो माणूसच वाट होतो आणि मग कुठे आरसीसीबी पडतो. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही.

सर्वांत घातक उपाय म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की काहीही न बिघडलेल्या फ्रिजच्या दारालाही करंट येतो. नळाच्या पाइपला अर्थ बांधणेही सोडा. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात.

राहिले अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात ते मीठ आणि कोळसा. मिठाने रोध कमी होतो खरा, पण पावसागणिक ते वाहून जाते आणि जीआय पाइपला गंज चढवते. टिकाऊ फायदा खोलीचा आणि ओलाव्याचा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते. कोकणच्या कातळात एका रॉडने सहसा भागत नाही, अंतर राखून दोन-तीन रॉड ठोकून जोडावे लागतात. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी मे महिन्यात करून घ्या, पावसाळ्यात नाही. वायरमनकडून ओहममधला आकडा घ्या, बोर्डाच्या झाकणामागे तारखेसह लिहून ठेवा, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. बटण दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.