लांब शब्दाला भिऊ नका



विज्ञानाच्या धड्यात लांबलचक इंग्रजी शब्द आला की मुले तो गाळून पुढे जातात. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. इंग्रजी पुस्तके हाती आली तेव्हा आम्हीही तेच करीत असू. पण शब्द गाळता गाळता धडाच हातून निसटतो. म्हणून आज एकच शब्द नीट सोडवू या : इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम. इंग्रजीत याची अक्षरे २०!

आधी उच्चार. एका तुकड्यात एकच स्वर ठेवावा : इ-लेक्-ट्रो-एन्-से-फॅ-लो-ग्राम. आठ तुकडे झाले. टाळी वाजवत तीनदा म्हणा, जीभ अडखळणार नाही.

आता अर्थ. येथे तुकडे तीनच : इलेक्ट्रो म्हणजे वीज, एन्सेफॅलो म्हणजे मेंदू, ग्राम म्हणजे लिहिलेली नोंद. मधला तुकडा ग्रीक भाषेतला. 'एन' म्हणजे आत आणि 'केफाली' म्हणजे डोके. डोक्याच्या आत असतो तो मेंदू! मेंदूतील विजेची अशी नोंद माणसावर प्रथम जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली. दवाखान्यात आपण ज्याला ई.ई.जी. म्हणतो, तो हाच.

उच्चाराची तोड आणि अर्थाची तोड एकच नव्हे, हे लक्षात ठेवावे. मराठीतही तसेच आहे. 'विद्यालय' म्हणताना आपण वि-द्या-लय असे तोडतो. विग्रह मात्र विद्या + आलय असा होतो. थर्मामीटरचेही तसेच. इंग्रजी उच्चार थर्-मॉ-मि-टर, पण घटक थर्मो म्हणजे उष्णता आणि मीटर म्हणजे मापक. समास सोडवणाऱ्या मुलाला ही रीत नवी नाही.

शिवाय एक किल्ली अनेक कुलपे उघडते. 'कार्डिओ' म्हणजे हृदय एवढे कळले की इलेक्ट्रोकार्डिओग्राम आपोआप उलगडतो. 'आयटिस' म्हणजे दाह. मग एन्सेफलायटिस म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

पालकांना विनंती : रोज रात्री जेवताना मुलांना असा एक शब्द सोडवायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. मूल सांगेल, तुम्ही ऐका. मातृभाषेत शिकलेले मूल विज्ञानात मागे पडते, ही भीती अशानेच जाईल.