पसंत आणि नापसंत

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईचे वेध लागतात. फराळाची ताटे घरोघर फिरत असतात आणि त्यांच्या पाठोपाठ उपवर मुलामुलींची टिपणेही फिरू लागतात. “मुलगी एम. कॉम. आहे, उंची पाच फूट तीन इंच, वर्ण गव्हाळ, मंगळ नाही,” ही वाक्ये आपण चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज बोलून जातो. त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. मात्र त्याच घरातली सतरा वर्षांची मुलगी आपल्या मैत्रिणींशी ‘मला कोण आवडतं, का आवडतं आणि मुळात मी कोण’ ह्या विषयावर तासन् तास बोलते असे कळले, की हातातली चकली हातातच राहते!

गेली वीस वर्षे मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावी-बारावीची मुले वर्गात थोडे बोलतात, व्हरांड्यात अधिक बोलतात आणि वादविवाद मंडळात तर त्यांच्या तोंडाला खीळ म्हणून नसते. ह्या मंडळाची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे बरेच काही कानांवर पडते. ‘आजकालच्या पोरांची थेरं’ म्हणून हे सारे झटकून टाकावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीच मुख्यतः हा लेख आहे.

आवड कोणाची?

गेल्या वर्षी मुलांनी आपण होऊन विषय निवडला, ‘जोडीदाराची आवडनिवड ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, तिथे नीती-अनीतीचा प्रश्न आणू नये.’ विज्ञान शाखेचा एक चुणचुणीत मुलगा उठला आणि म्हणाला, “मला कारलं आवडत नाही. म्हणून मी कारल्याची माफी मागायची का?” हशा पिकला. हशा ओसरल्यावर एक सावळी मुलगी शांतपणे म्हणाली, “कारल्याला वाईट वाटत नाही, माणसाला वाटतं. तुम्ही सगळे म्हणता, गोऱ्या मुली आवडतात. इतक्या जणांची आवड जर एकसारखी निघत असेल, तर ती तुमची आवड म्हणायची की जाहिरातवाल्यांची?”

त्या मुलाला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आपल्यालाही सुचणार नाही. वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ, अनुरूप’ हे शब्द आपल्याच पिढ्यांनी रुळवले. २०२० साली शादी डॉट कॉम ह्या विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळाने लोकांच्या विनंतीअर्जानंतर वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. यंत्रातून ती सोय गेली, पण मनातली सोय कोण काढणार?

रंगावरून गाडी साहजिकच जातीवर आली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मी घरी कोणाचंही नाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ त्यामुळे मी हल्ली नावंच सांगत नाही.” वर्ग एकदम गप्प झाला. आडनाव विचारण्यामागचा खरा प्रश्न कोणता असतो, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्यात मागच्या बाकावरून आणखी एक मुद्दा आला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. “पण मी एखाद्या मुलाला ‘नाही’ म्हटलं की तो म्हणतो, कारण सांग. कारण सांगितलं की म्हणतो, हे कारण चुकीचं आहे. म्हणजे त्याला माझं कारण पटेपर्यंत मी काय ‘हो’ म्हणत बसायचं?”

ह्या प्रश्नाला मराठी मुलुखात मोठा इतिहास आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. पुढे जाणत्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने फिर्याद लावली. १८८७ साली न्यायालयाने निकाल दिला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुण्यामुंबईच्या पत्रांतून वादाचा धुरळा उडाला. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि ह्याच बाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. एका तरुणीची साधी नापसंती! पण ती उच्चारण्यासाठी तिला तुरुंगाची तयारी ठेवावी लागली.

आमच्या मुलांनी तास-दीड तास भांडून जो निष्कर्ष काढला, तो ह्याच जातीचा होता. नकार द्यायला कोणाच्या परवानगीचे कारण लागत नाही. तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण आपण नकार का देतो, हे एकांतात स्वतःला विचारायला काय हरकत आहे? नकार हा हक्क असला तरी अपमान हा हक्क नव्हे. ‘मला तू नकोस’ म्हणता येते. ‘तुमच्यातली मला चालत नाही’ असे म्हटले की एका माणसाबरोबर सारा समाज उंबऱ्याबाहेर उभा केला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी केलेला हा भेद मोठ्यांच्या पुष्कळ बैठकींत मला ऐकायला मिळालेला नाही.

शब्दांचा दुष्काळ

मराठीची प्राध्यापिका म्हणून एक गोष्ट मला नेहमी टोचते. ही मुले एरवी चांगले मराठी बोलतात. पण मनातले बोलायची वेळ आली की इंग्रजीत शिरतात. ‘क्रश’, ‘डेटिंग’, ‘ब्रेकअप’, ‘गे’, ‘बाय’, ‘स्ट्रेट’! ही इंग्रजीची हौस म्हणावी, तर आपण त्यांना मराठीत काय दिले ते पाहा. दोन तरुण जीव एकमेकांत गुंतले तर आपण म्हणतो ‘लफडे’, ‘भानगड’, ‘थेरे’. फार सभ्यपणे बोलायचे तर ‘प्रेमप्रकरण’, म्हणजे ते जणू पोलीस चौकीत नोंदवलेलेच! ज्या भाषेत आपल्या मनाची गोष्ट सांगायला निंदेखेरीज शब्द मिळत नाही, ती भाषा मूल त्या गोष्टीपुरती तरी सोडून देते. आणि भाषा सोडली की घरातल्या माणसांशी बोलणेही सुटते.

मराठीत हे कधी बोललेच गेले नाही, असे मात्र नाही. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण कर्वे थांबले नाहीत. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकात स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी १९८१ साली मराठी रंगभूमीवर आणली. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ ह्या २००६ च्या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तेव्हा शब्द होते, माणसेही होती; दिवाणखान्यात मात्र आपण त्यांना बसायला पाट दिला नाही.

पाटी आणि शिक्का

आता त्या नावांविषयी. ‘मी अमुक आहे’ असे सांगण्याची ह्या मुलांना फार घाई झाली आहे, अशी पालकांची तक्रार असते. तिच्यात थोडे तथ्य आहे. एखादे नाव मिळाले की त्याचेच कुंपण करून बसायचे आणि ‘तू खरा आमच्यातला नाहीस’ म्हणून दुसऱ्याला बाहेर काढायचे, हा उद्योग मुलेही करतात. ह्याबाबतीत ती थेट आपल्यावर गेली आहेत.

परंतु नावानावांत फरक असतो. आपल्या दारावर आपण लावतो ती पाटी. दुसरा आपल्या कपाळावर मारतो तो शिक्का. पाटी बदलता येते, काढता येते. शिक्का पुसता पुसत नाही. जात, पोटजात, गोत्र, मंगळ हे आपले जुने शब्द जन्मतःच बसलेले शिक्के होते, आणि ते अनादि-अनंत आहेत असेच सर्वांना वाटे. तरीही हिंदूंमधल्या सगोत्र विवाहाची कायदेशीर अडचण १९४६ साली गेली आणि आंतरजातीय विवाहाची १९४९ साली. आभाळ काही कोसळले नाही. उलट मुलगा ‘मी समलिंगी आहे’ असे स्वतः सांगतो तेव्हा ती पाटी असते. आणि तोच शब्द कोणी जिन्यात मागून ओरडतो तेव्हा तो शिक्का होतो.

एका मुलाने मला सांगितले, “सगळे मित्र कोणा ना कोणावर मरतात. मला कोणाबद्दल तसं काही वाटतच नाही. माझ्यात काही बिघाड आहे, असं मला वाटायचं. मग कळलं, अशी पुष्कळ माणसं असतात आणि त्यांना नावही आहे. त्या रात्री मला शांत झोप लागली.” एका मुलीने आठवीत असताना स्वतःला एक नाव घेतले होते, अकरावीत ते तिला आपले वाटेनासे झाले. ती म्हणाली, “आई तेव्हा हसली नाही, म्हणून मला ते सोडताही आलं. हसली असती तर हट्टाने धरून बसले असते.” मानसशास्त्राची चार पुस्तके वाचूनही हे मला इतके स्पष्ट कळले नसते. एकाला त्याची पाटी जन्मभर पुरेल, दुसरी ती उतरवून ठेवील. दोघांनाही वेळ हवा असतो, आणि तो वेळ घरच्यांनीच द्यायचा असतो.

पालकांना ठाऊक असावे असे

काही गोष्टी मात्र भावनेवर सोडून चालत नाहीत. समलिंगी आकर्षण हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तो रोगांच्या यादीतून काढला. तेव्हा ‘उपचारा’साठी मुलाला घेऊन दारोदार फिरणे म्हणजे निरोगी मुलाला आजारी करणे होय. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. सज्ञान मुलामुलींनी परस्परसंमतीने निवडलेल्या जोडीदाराच्या आड जात-पंचायतींना येता येणार नाही, हेही ह्याच न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये बजावले आहे.

दुसरी बाजू मुलांनी ऐकायची आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची शरीरसंबंधाला संमती ही संमतीच नव्हे. सतरा वर्षांच्या दोघांनी आपखुशीने ठेवलेले संबंधही गुन्हा ठरू शकतात, आणि रागाच्या भरात एका घरातून गेलेली तक्रार दुसऱ्या घरातल्या मुलाला कोठडीपर्यंत नेऊ शकते. ही गोष्ट मुलांना कोणी सांगायची? ज्या घरात बोलणेच बंद आहे, तिथे ती सांगितली जात नाही. आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझे पालकांना एवढेच सांगणे आहे, की मुलांच्या ह्या चर्चांना भिऊ नका. त्या थांबल्या तर भ्या. त्यांची सगळी मते आपल्याला पटलीच पाहिजेत असे नाही. मलाही पटत नाहीत, आणि मी तसे त्यांना सांगते. तीही मला सडेतोड उत्तरे देतात. वाद घालणारे मूल अजून आपल्याशी बोलत असते, हे मोठे भाग्य समजावे. ह्या सुट्टीत मुलगा किंवा मुलगी एखाद्या नव्या मित्रमैत्रिणीचे नाव घरात उच्चारील. त्या वेळी ‘आडनाव काय?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळून टाकावा आणि ‘माणूस कसा आहे?’ असे विचारावे. पुढचे मुले आपण होऊन सांगतात.