बाळंतिणीचं मन आजारी पडलं, तर जायचं कुठं?

मागच्या महिन्यात आम्ही तापोळ्याच्या बाजूला एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. हिशेब झाला, वह्या मिटल्या, आणि एक आजी हळूच म्हणाल्या, "आमच्या सुनेला बाळंतपणापासनं काय झालंय कळंना. पोराला पाजती, पण त्याच्याकडं बघत न्हाई." बाळ अडीच महिन्यांचं. सून रात्र रात्र जागी, जेवणावर वासना नाही. नवरा मुंबईला. घरच्यांनी दृष्ट काढली, उतारा टाकला, देवऋषी झाला. डॉक्टर तेवढा राहिला होता. आजींना दोष देण्यात अर्थ नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, पण तिच्या मनासाठी कुठं जायचं हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आधी एक फरक समजून घेऊ. सुटका झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते. हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. झोप, गरम जेवण आणि बाळाला घ्यायला दोन हात मिळाले की बहुतेक वेळा भागतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नसेल, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, "मी चांगली आई नाही" हा विचार डोकं सोडत नसेल, तर तो आजार आहे. त्याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. तो आळस नाही, नखरे नाहीत, आणि बाहेरची बाधा तर नाहीच.

हे शहरातल्या बायकांचं दुखणं, असं कुणी म्हणालं तर त्यांना गोव्याचं सांगा. तिथल्या म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांची नोंद ठेवून पुढं चौकशी केली. २००२ साली तो अभ्यास छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळजवळ चारात एकीला, म्हणजे शंभरात २३ जणींना, नैराश्य होतं. कुणाला जास्त? घरात पैशाची आणि खाण्याची ओढाताण असलेल्यांना, नवऱ्याचा मार खाणाऱ्यांना, आणि मुलगा हवा असताना मुलगी झालेल्यांना. म्हणजे दुखणं बाईच्या मनात असतं, पण त्याची मुळं बरीचशी घरातच असतात. आणखी एक गोष्ट: त्यांतल्या बहुतेकींना त्रास पोटुशी असतानाच सुरू झाला होता.

आता, जायचं कुठं? पहिली पायरी दारातच आहे. दवाखान्यात सुटका झाली तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन बघतात, ताप बघतात. त्याच वेळी बाळंतिणीनं नाहीतर सासूनं म्हणावं, "हिचं मन बरं नाही." एवढं पुरतं. पण आशाताईंना तिच्याशी एकटीशी बोलू द्यावं. सगळं घर भोवती बसलं असताना कोण खरं सांगेल?

पुढं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं रक्त तपासून घ्यावं, कारण अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. तिथून चिठ्ठी घेऊन साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तिथं मानसिक आजारांवर उपचार होतात. आपल्या खोऱ्यातून साताऱ्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, अंगावरचं बाळ, त्यात धुकं, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून निघायच्या आधी त्या विभागाचा वार आणि वेळ आशाताईंकडून फोन करून विचारून घ्या. आमच्यातली एक जण एकदा अशीच न विचारता गेली आणि बंद दार बघून परत आली.

जाणं जमतच नसेल तर फोन आहे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरात रेंज नसेल तर टेकाडावर जाताना बाळ सासूबाईंकडं द्या.

तिथं करतात काय, असं बायका विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गरज असेल तर औषध देतात. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, पण मी पाजते हे त्यांना आधी सांगायचं, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात. ते उपदेश करत नाहीत. "बाळाकडं बघून हस" असं सांगणारे घरात पुष्कळ असतात. समुपदेशक ऐकतात, कुठला विचार सारखा येतो ते शोधतात, आणि दिवसातलं एखादं लहान काम तिच्या हातात पुन्हा देतात. एका भेटीत बरं वाटत नाही, पाच-सहा वेळा तरी जावं लागतं. पहिल्या माणसाशी नाही जमलं तर दुसरं मागावं, त्यात लाज नाही.

असं बोलून बरं करायला मोठी पदवीच लागते असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या बायकांना शिकवून त्यांनी बाळंतिणींशी घरी जाऊन बोलायचं, असं करून पाहिलं. सहा महिन्यांनी त्या गावांत शंभरातल्या २३ जणी आजारी राहिल्या. जिथं साध्या भेटी झाल्या तिथं ५३.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, दोन-तीन रात्री अजिबात झोपली नाही, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला काही करीन म्हणाली, तर त्याच तासाला १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि दवाखान्यात ठेवलं तर बाळ हिरावून घेतील ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालचं मूल साधारणपणे आईपासून वेगळं करू नये असं लिहिलेलं आहे.

त्या आजींची सून आता दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला जाते. पहिल्या खेपेला आजी स्वतः लाँचमधून बाळ मांडीवर घेऊन बरोबर गेल्या. नवरा दुसऱ्या खेपेला रजा काढून आला. झोप लागायला लागली आहे. बाकीचं अजून चाललंय.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गटातली कुणी पोटुशी असेल तर तिच्याबरोबर एकीनं जा, आणि रक्तदाब-वजन झाल्यावर डॉक्टरांना मनाचंही विचारा.